गळ्यातली ढाल आणि रक्तातली चरबी

लॅबमधून रिपोर्ट येतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोन वेगळे कागद असतात. एकावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. दुसऱ्यावर थायरॉईडचे आकडे, म्हणजे टी३, टी४ आणि टीएसएच. पहिल्या कागदावर काही वाढलेले दिसले की घरात तेला-तुपावर पहारा बसतो, बिर्याणी बंद होते. दुसऱ्या कागदावर टीएसएच सहा-सात दिसला तर 'बॉर्डरलाइन आहे, काही नाही' असे म्हणून तो कपाटात जातो. दोन्ही कागद एकाच बाईच्या रक्ताचे असतात, एकाच सकाळी काढलेल्या. तरीही ते शेजारी ठेवून वाचायचे असतात, हे क्वचितच कोणी सांगते.

मी डॉक्टर नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डब्यांसोबत रिपोर्टही उघडले जातात. तिथे ऐकलेल्या प्रश्नांमुळे मी या विषयाचा इतिहास वाचायला लागले आणि एक गोष्ट कळली. एक काळ असा होता की डॉक्टर रक्तातले कोलेस्टेरॉल मोजत, ते हृदयाच्या काळजीने नव्हे, तर थायरॉईड मंदावला आहे का हे ओळखण्यासाठी. कोलेस्टेरॉल तेव्हा साक्षीदार होते, आरोपी नव्हते. साक्षीदाराचा आरोपी कसा झाला आणि त्या गडबडीत त्याची मूळ साक्ष कशी मागे पडली, त्याची ही गोष्ट.

नावे कुठून आली

भाषा शिकवणाऱ्या माणसाने सुरुवात नावांपासूनच करावी. गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. १६५६ मध्ये थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने तिला थायरॉईड हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ढालीसारखी. अरबीत आणि उर्दूत तिला 'दरकिया' म्हणतात. दरका म्हणजे चामड्याची ढाल. मराठी पाठ्यपुस्तकांत ती अवटू ग्रंथी असते, पण बोलताना आपण सगळे थायरॉईडच म्हणतो.

कोलेस्टेरॉलचे नावही ग्रीक. 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिऑस' म्हणजे घट्ट. अठराव्या शतकात पित्ताशयातल्या खड्यांत हा मेणासारखा पदार्थ प्रथम सापडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचे बारसे केले. ढाल गळ्यात, मेण पित्तात. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंका तेव्हा कोणाला येण्याचे कारण नव्हते.

थायरॉईड म्हणजे गळ्याची गाठ, एवढेच जगाला शतकानुशतके माहीत होते. आपल्याकडे सुश्रुताने गलगंडाचे वर्णन केले. बाराव्या शतकात सय्यद इस्माईल जुर्जानी या हकिमाने फारसीत 'जखीरा-ए-ख्वारज्मशाही' हा मोठा वैद्यकीय ग्रंथ लिहिला. गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध त्यात नोंदलेला आहे. हा थायरॉईड जास्त काम करण्याचा आजार. युरोपात त्याची नोंद व्हायला पुढे सहाशेहून अधिक वर्षे लागली. पण हे सगळे ज्ञान दिसणाऱ्या गोष्टींचे होते. ज्या ग्रंथीला गाठ नाही आणि जी नुसती सुस्तावली आहे, ती कोणाला दिसणार?

लंडनच्या पाच बायका

ती दिसली १८७३ मध्ये. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले सर विल्यम गल यांनी वैद्यांच्या सभेत पाच स्त्रियांची हकीकत वाचली. चेहरा गोल आणि सुजल्यासारखा, जीभ जाड, हात फावड्यासारखे रुंद, बोलणे संथ, मन कशातच लागत नाही. आधी चपळ आणि हुशार असलेल्या या बायका हळूहळू मंद होत गेल्या होत्या. गल यांनी निबंधाच्या मथळ्यातच म्हटले होते की ही अवस्था प्रौढ वयातल्या स्त्रियांमध्ये येते. या ओळीपाशी मी थांबले. या आजाराचा आधुनिक इतिहास अशा बायकांपासून सुरू होतो, ज्यांना घरचे लोक बहुधा आळशी म्हणत असतील.

काही वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी अशा रुग्णांच्या त्वचेत बुळबुळीत श्लेष्मासारखा पदार्थ साठलेला पाहिला आणि आजाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिले. पण कारण अजून हाती लागले नव्हते. ते स्वित्झर्लंडमधून आले, आणि तेही एका शल्यविशारदाच्या प्रामाणिकपणामुळे.

बर्नचे थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत जगात अव्वल होते. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची पूर्ण ग्रंथी काढली होती. पुढे ती मुलगी पूर्णपणे बदलून गेल्याचे त्यांना कळले. ऑपरेशनआधी तिच्यात आणि धाकट्या बहिणीत लोकांची गल्लत व्हायची. आता धाकटी उंच तरुणी झाली होती आणि थोरली खुजी, सुजलेली, मंद राहिली होती. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण आले आणि त्यांपैकी सोळा जणांची हीच अवस्था झालेली दिसली. १८८३ मध्ये त्यांनी हे जाहीर सांगितले. स्वतःच्या हातून झालेले नुकसान मोजून जगापुढे ठेवणारा हा माणूस. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १८८८ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून निर्वाळा दिला की गल यांच्या बायका आणि कोखर यांचे रुग्ण यांचा आजार एकच, तो म्हणजे थायरॉईडचा अभाव.

मग उपचार आला. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. काही आठवड्यांत सूज उतरली, बोलणे सुधारले. पुढच्याच वर्षी हीच ग्रंथी पोटातून दिली तरी चालते हे इतर डॉक्टरांनी दाखवले. एकाने तर ती हलकी परतून, बारीक करून, गोड जेलीसोबत खायला दिली होती. मरे यांची ती रुग्ण १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. त्या २८ वर्षांत तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी यातला मूळ घटक थायरॉक्सिन वेगळा केला. आज सकाळी अनाशापोटी घेतली जाणारी इवलीशी गोळी त्याच थायरॉक्सिनची.

साक्षीदार सापडतो

इकडे कोलेस्टेरॉलची कथा वेगळ्या वाटेने चालली होती. १९१० मध्ये जर्मनीत अडॉल्फ विंडाउस यांना कठीण झालेल्या रोहिण्यांच्या भिंतींत निरोगी भिंतींपेक्षा कितीतरी पट जास्त कोलेस्टेरॉल सापडले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत थर साचलेले दाखवले. तरी माणसाच्या हृदयविकाराशी याचा काही संबंध आहे, हे पुढची कित्येक वर्षे बहुतेकांना पटले नव्हते. ससा गवत खाणारा प्राणी, त्याचे काय सांगता, असा आक्षेप होता.

याच काळात रक्तातले कोलेस्टेरॉल मोजण्याच्या पद्धती सोप्या झाल्या. १९२२ मध्ये न्यूयॉर्कचे एपस्टाइन आणि लँडे यांनी एक निरीक्षण मांडले. ज्यांचा शरीरातला चयापचय मंद, त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त, आणि ज्यांचा जलद, त्यांच्यात कमी. तराजूच्या दोन पारड्यांसारखे. १९३० मध्ये बॉस्टनचे मेसन, हंट आणि हर्क्सथल यांनी थायरॉईडच्या रुग्णांत हेच स्पष्टपणे दाखवले. ग्रंथी जोरात असेल तर कोलेस्टेरॉल उतरते, मंद असेल तर चढते, आणि औषध दिले की पुन्हा खाली येते.

डॉक्टरांसाठी ही मोठी सोय होती. तोपर्यंत थायरॉईड ओळखण्याची मुख्य चाचणी होती बेसल मेटाबॉलिझम. रुग्णाने रात्रभर उपाशी राहायचे, सकाळी निपचित पडायचे आणि एका यंत्रात श्वास सोडायचा, म्हणजे शरीर किती ऑक्सिजन वापरते ते मोजता येई. रुग्ण जरा घाबरला, नीट झोपला नसला की आकडा बिघडला. त्यापेक्षा रक्ताचा नमुना बरा. पुढची तीन-चार दशके कोलेस्टेरॉल थायरॉईडच्या निदानात मदतनीस राहिले.

बॉस्टनमध्येच या नात्याचा एक विचित्र पुरावा मिळाला. १९३३ पासून हर्मन ब्लूमगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजायनाच्या व हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांची निरोगी थायरॉईड ग्रंथी काढायला सुरुवात केली. तर्क असा की शरीराची भट्टी मंद केली तर दुर्बल हृदयावरचा भार हलका होईल. काहींच्या छातीतली कळ खरोखर कमी झाली. पण त्याच गटाने १९३४ मध्ये नोंदवले की चयापचय उतरत जातो तसतसे या रुग्णांचे कोलेस्टेरॉल चढत जाते. ज्या हृदयाला वाचवायचे, त्याच्याच रक्तात मेण वाढत होते. त्या वेळी हा आकडा 'ग्रंथी किती मंदावली' याचे माप म्हणून पाहिला गेला, धोक्याची घंटा म्हणून नव्हे. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळाला त्या काळाच्या ज्ञानानेच जोखावे लागते.

१९४६ मध्ये स्टायनर आणि फॉरेस्ट केंडॉल (हे वेगळे केंडॉल) यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. कुत्र्याला कितीही कोलेस्टेरॉल खाऊ घातले तरी त्याच्या रोहिण्या सहसा बिघडत नाहीत, हा तोवरचा अनुभव. या दोघांनी कोलेस्टेरॉलसोबत थायरॉईड दाबणारे थायोयुरॅसिल हे औषध दिले आणि कुत्र्यांच्या रोहिण्यांत थर साचले. म्हणजे किती खाल्ले एवढाच प्रश्न नव्हता, खाल्लेले हटवणारी यंत्रणा चालू आहे का, हाही प्रश्न होता. आपल्या घरांत कोलेस्टेरॉल वाढले की पहिला गुन्हेगार ताटात शोधतात. त्या कुत्र्यांचे उत्तर मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

साक्षीदाराचा आरोपी होतो

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत अमेरिकेत हृदयविकार हा पहिल्या क्रमांकाचा मृत्युदूत ठरला होता. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम गावात दीर्घ पाहणी सुरू झाली आणि १९६१ पर्यंत जास्त कोलेस्टेरॉल हा धोक्याचा घटक म्हणून पुढे आला. आता कोलेस्टेरॉल स्वतःच खटल्याच्या पिंजऱ्यात उभे होते.

तेव्हा एक मोहक विचार पुढे आला. थायरॉईडच्या संप्रेरकाने कोलेस्टेरॉल उतरते ना? मग ते कोलेस्टेरॉलचे औषध म्हणूनच का देऊ नये? थायरॉक्सिनच्या रेणूचे आरशातले प्रतिबिंब म्हणजे डेक्स्ट्रोथायरॉक्सिन. ते हृदयाला फार न छेडता कोलेस्टेरॉल उतरवील अशी आशा होती. १९६६ पासून अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या मोठ्या चाचणीत, एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आठ हजारांहून अधिक पुरुषांना वेगवेगळी औषधे किंवा साधी गोळी देण्यात आली. डेक्स्ट्रोथायरॉक्सिन घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. पण त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले. चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला आणि १९७२ मध्ये तसे जाहीर झाले.

या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कडू धडा. कागदावरचा आकडा सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी एक नाहीत. ज्याचा थायरॉईड कमी आहे त्याची कमतरता भरून काढणे हा उपचार. ज्याचा पुरेसा आहे त्याला तो आणखी देणे म्हणजे हृदयाला चाबूक मारणे. आजही वजन उतरवण्यासाठी शेजारणीची थायरॉईडची गोळी मागून घेणाऱ्या बायका असतात. त्यांना हा धडा कोणीतरी सांगायला हवा.

आवाज चढलेला शिक्षक

आता 'सौम्य' या शब्दाकडे. गल यांच्या बायकांचा आजार चेहऱ्यावर दिसत होता. पण चेहऱ्यावर दिसण्याआधी तो वर्षानुवर्षे आत चालू असतो का? हा प्रश्न विचारायला साधन हवे होते. ते रोझलिन यालो आणि सोलोमन बर्सन यांनी दिले. रक्तातली अत्यंत सूक्ष्म संप्रेरके मोजण्याची रेडिओइम्युनोअॅसे ही त्यांची पद्धत. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले, बर्सन तोपर्यंत हयात नव्हते. १९६५ च्या सुमारास याच पद्धतीने माणसाच्या रक्तातला टीएसएच मोजता येऊ लागला.

टीएसएच म्हणजे काय, हे मी माझ्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ही शिक्षक, थायरॉईड हा वर्ग आणि टीएसएच हा शिक्षकाचा आवाज. वर्ग नीट काम करत असेल तर शिक्षक हळू आवाजात बोलतो. वर्ग सुस्तावला की आवाज चढतो. कधी कधी वर्गाचे काम वेळेत पूर्ण होते, पण त्यासाठी शिक्षकाला रोज ओरडावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काम झाले ना, मग सगळे ठीक. टी४ नॉर्मल आणि टीएसएच चढलेला, ही ती अवस्था. तिला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात.

यामागचे सर्वांत सामान्य कारण जपानमध्ये फार पूर्वी दिसले होते. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो यांनी चार मध्यमवयीन स्त्रियांच्या थायरॉईडमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहिली. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते, हे १९५६ मध्ये लंडनला सिद्ध झाले. ढालीवर आपल्याच सैनिकांचे वार. इथेही पुन्हा स्त्रियाच.

लंडनचे डॉ. फाउलर यांनी १९७० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की थायरॉईड जेमतेम काठावर असलेल्या लोकांतही कोलेस्टेरॉल वाढलेले असते. या अवस्थेला त्यांनी मिक्सिडीमापूर्व अवस्था म्हटले. ब्रसेल्सच्या बास्तेनी यांनी तिचा संबंध थेट हृदयविकाराशी जोडला. प्रकरण निकालात निघाले असे वाटत होते. तेवढ्यात व्हिकहॅमची पाहणी आली.

व्हिकहॅम हे न्यूकॅसलजवळचे गाव. मरे यांनी जिथे पहिला अर्क टोचला त्याच परिसरातले. तिथल्या २,७७९ प्रौढांची तपासणी होऊन १९७७ मध्ये निष्कर्ष आले. टीएसएच ६ च्या वर असलेल्या स्त्रिया ७.५ टक्के आणि पुरुष २.८ टक्के. म्हणजे सौम्य कमतरता ही दुर्मीळ गोष्ट नव्हतीच. पण चरबीच्या बाबतीत पाहणीने कान पकडले. वय वाढते तसे टीएसएच वाढतो, आणि वय वाढते तसे कोलेस्टेरॉलही. वयाचा हिशेब वजा केल्यावर सौम्य कमतरता आणि कोलेस्टेरॉल यांचे नाते जवळजवळ उरलेच नाही. दोन गोष्टी एकत्र चालताना दिसल्या म्हणून एकीने दुसरीला ओढले असे होत नाही. कदाचित दोघींना तिसरीच कोणी ओढत असेल.

यकृताच्या दारावरचे हमाल

हा गुंता सोडवायला 'कसे' हे कळणे गरजेचे होते. १९७० च्या दशकात डलासमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशींच्या पृष्ठभागावरचे एलडीएल रिसेप्टर शोधले. त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. बंदरावर माल उतरवणाऱ्या हमालांसारखे हे रिसेप्टर रक्तातून एलडीएलचे कण उचलून पेशीच्या आत नेतात. यातले सर्वाधिक काम यकृतात चालते. हमाल कमी पडले की माल रक्तातच साचतो.

थायरॉईडचे संप्रेरक या हमालांची भरती वाढवते. ते कमी झाले की रिसेप्टर कमी होतात. १९८१ मध्ये लंडनच्या थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी जिवंत माणसांतच हे मोजले. थायरॉईड मंद असलेल्यांत रिसेप्टरच्या वाटेने एलडीएल उचलणे घटलेले होते, आणि थायरॉक्सिन दिल्यावर ते सुधारले. गंमत अशी की थायरॉईड मंदावल्यावर शरीरात कोलेस्टेरॉल तयार होणेही कमी होते. तरी रक्तात ते वाढते, कारण उत्पादनापेक्षा उचल जास्त घटते. त्या बॉस्टनच्या रुग्णांचे आणि स्टायनर-केंडॉलच्या कुत्र्यांचे कोडे इथे सुटले.

यंत्रणा तीच असल्यामुळे सौम्य कमतरतेत परिणामही सौम्य, हे ओघानेच आले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या आरोग्य मेळाव्यांत २५,८६२ लोकांचे रक्त तपासले गेले. थायरॉईड नॉर्मल असलेल्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल २१६ आणि सौम्य कमतरता असलेल्यांचे २२४ निघाले. फरक आठाचा. २००० मध्ये तेरा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की सौम्य कमतरतेत गोळी दिल्यावर एकूण कोलेस्टेरॉल साधारण ८ ने आणि एलडीएल १० ने उतरते. मुळात कोलेस्टेरॉल जास्त असेल तर थोडे अधिक. व्हिकहॅमसारख्या गावात हा लहानसा फरक वयाच्या मोठ्या फरकात बुडून गेला, यात नवल नाही.

मग हृदयाचे काय? २०१० मध्ये ११ पाहण्यांतल्या ५५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. टीएसएच ४.५ ते ७ च्या दरम्यान असलेल्यांना हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. १० च्या वर गेलेल्यांत तो जवळपास दुपटीच्या घरात गेला. २०१७ मध्ये युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर चाचणी झाली. सौम्य कमतरतेत गोळी दिल्याने थकवा किंवा इतर लक्षणांत फरक पडला नाही. म्हणजे 'बॉर्डरलाइन' हा एक शब्द आहे, पण त्यात टीएसएच ५ ची सत्तर वर्षांची आजी आणि टीएसएच ११ ची चाळीस वर्षांची आई या दोघी कोंबल्या जातात. त्या दोघींचा हिशेब एक नाही.

आपल्या घरातले दोन कागद

भारतात थायरॉईडचा इतिहास मिठाशी जोडलेला आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हे फार मोठे काम. पण त्यामुळे लोकांच्या मनात थायरॉईड म्हणजे गळ्याची गाठ हे समीकरण पक्के राहिले. गाठ नाही म्हणजे थायरॉईड नाही.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीने वेगळेच चित्र दाखवले. मुंबई आणि गोवा त्यात होते. ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांत थायरॉईडची कमतरता होती आणि आणखी ८ टक्क्यांत सौम्य कमतरता. दहा-बारा बायकांच्या स्टाफरूममध्ये यातल्या एक-दोन तरी असणार. आमच्यातल्या एका ज्येष्ठ आपांचे कोलेस्टेरॉल आरोग्य शिबिरात २६० निघाले. त्यांनी तूप सोडले, मटण सोडले, सहा महिने चालायला जात राहिल्या, तरी आकडा जेमतेम हलला. घरचे म्हणत, चोरून खात असतील. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच करायला सांगितला, तो १४ निघाला. त्या रडल्या, आणि आजार निघाला म्हणून नव्हे. 'आता तरी कोणी म्हणणार नाही की मी चोरून खाते,' असे त्या म्हणाल्या.

कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले तर त्यामागे दुसरे कारण नाही ना, हे पाहावे आणि त्या कारणांत थायरॉईड तपासावा, हा आज डॉक्टरी शिकवणीचा साधा नियम आहे. त्याला आणखी एक कारण आहे. थायरॉईडची कमतरता लक्षात न येता कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी सुरू झाली तर स्नायू दुखण्याचा त्रास अधिक संभवतो. उलट बाजूही तितकीच खरी. एकदाच वाढलेला टीएसएच काही आठवड्यांनी आपोआप खाली येऊ शकतो, म्हणून तो पुन्हा तपासतात. आणि टीएसएच जेमतेम वाढलेला असेल तर एलडीएलचे मोठे ओझे त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. तेव्हा साखर, वजन, तंबाखू आणि घराण्यातला वारसा यांच्याकडे पाहावे लागते. गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, गरोदरपणात काय करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपण एवढेच करायचे की दोन्ही कागद एकत्र घेऊन जायचे आणि विचारायचे, 'यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?'

हा प्रश्न साधा आहे, पण तो विचारता यावा यासाठी बर्नच्या त्या मुलीने किंमत मोजली, बॉस्टनच्या रुग्णांनी निरोगी ग्रंथी गमावल्या, आणि काही पुरुष अशा औषधाने गेले ज्याने त्यांचा आकडा सुधारला होता. १८७३ मध्ये गल यांनी पाच बायकांकडे पाहून त्यांना आळशी म्हटले नाही, त्यांच्या मंदपणाला कारण असेल असे मानले. या दीडशे वर्षांच्या शोधाची सुरुवात तिथे आहे. थकलेल्या बाईच्या रिपोर्टातला एक आकडा वाढलेला दिसला, तर तिच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी दुसरा कागद उघडून पाहायला हरकत नाही.